कर्जतचे पाणी कोठे जाते?

अष्टविनायकांची यात्रा आपल्यापैकी अनेकांनी केली असेल. उजव्या सोंडेचा गणपती म्हणून सिद्धटेकचा सिद्धिविनायक आपल्या स्मरणात असेल. टेकडीवरचे देऊळ, अहिल्याबाई होळकरांनी केलेला त्याचा जीर्णोद्धार आणि जवळून वाहणारी भीमा हेही आठवत असेल. मात्र दौंडच्या बाजूने नदी ओलांडून देवळाकडे जाताना आपण पुणे जिल्हा मागे टाकून अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात शिरतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. कर्जत म्हटले की मुंबई-पुण्याकडच्या वाचकाला रायगड जिल्ह्यातले, बोरघाटाच्या पायथ्याचे, धो धो पावसाचे कर्जत आठवते. हे कर्जत त्याहून अगदी निराळे आहे. येथे पाऊस जपून पडतो, ओढे वर्षाचे बहुतेक महिने कोरडे असतात, आणि पाणी या शब्दाला घराघरांत एक गंभीर वजन असते.

या लेखात आपण या कोरड्या कर्जतमधून भीमेपर्यंत जाणार आहोत. वाटेत एक साधा प्रश्न सोबत ठेवू : येथील पाणी कोठे जाते, आणि जाताना काय घेऊन जाते? आपल्या घरात वृद्ध माणूस असेल, औषधांचा डबा असेल, अंथरुणाला खिळलेल्या कोणाची सेवा चालू असेल, तर या प्रश्नाचा आपल्याशी फार जवळचा संबंध आहे.

दोन नद्यांमधला मुलूख

कर्जत गाव हे संत गोदड महाराजांचे गाव. आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे कामिका एकादशीला, येथे महाराजांची रथयात्रा भरते. गावाबाहेर पडले की माळरान सुरू होते. रब्बीची ज्वारी, लिंबाच्या बागा, बोरी-बाभळी आणि मैलोगणती उघडे आकाश. जवळच रेहेकुरी येथे काळविटांसाठी १९८० मध्ये राखलेले अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र अवघे सव्वादोन चौरस किलोमीटरांच्या आतबाहेर. परंतु गवताळ माळ हीसुद्धा जपण्याजोगी संपत्ती आहे, हे त्या लहानशा तुकड्याने पुष्कळांना शिकवले. दक्षिणेकडे निघालो की राशीन लागते. तेथील जगदंबेच्या देवळातल्या हलणाऱ्या दीपमाळा पाहण्यासाठी लोक मुद्दाम वाट वाकडी करतात. त्याच दिशेने पुढे गेले की तालुक्याच्या कडेला भीमा भेटते.

तालुक्याच्या दक्षिण अंगाला भीमा आहे, तर पूर्वेच्या बाजूस सीना. अहिल्यानगर शहराकडून येणारी सीना मिरजगावजवळ निमगाव गांगर्डा येथील धरणात थोडी विसावते आणि पुढे सोलापूर जिल्ह्याकडे निघते. तिच्याच काठावर, शेजारच्या जामखेड तालुक्यात, चौंडी आहे. अहिल्याबाईंचा जन्म तेथे १७२५ साली झाला. देशभर घाट आणि विहिरी बांधणारी ही स्त्री पाण्याने तोलूनमापून द्यावे अशा मुलखात वाढली होती, हे लक्षात घेतले की तिच्या कामाचा अर्थ अधिक उलगडतो. घाट बांधणे म्हणजे पाण्यापर्यंत जाण्याची सभ्य रीत बांधणे.

आता नकाशावरची एक गोष्ट पाहा. सीना आणि भीमा या दोन नद्या कर्जतला जणू दोन बाजूंनी धरून चालतात, आणि पुढे सोलापूरच्या दक्षिणेस हत्तरसंग कुडल येथे एकमेकींना मिळतात. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधील मराठीतला फार जुना शिलालेख जेथे सापडला, तोच हा संगम. याचा अर्थ असा की कर्जत तालुक्यातला ओढा कोणत्याही दिशेला वळो, त्याचे पाणी शेवटी भीमेलाच मिळणार. येथे गटारात ओतलेली वस्तू ‘कोठेतरी’ जात नाही. तिचा पत्ता ठरलेला आहे.

वरून येणारे पाणी, खाली जाणारे पाणी

सिद्धटेकला पोहोचणारी भीमा रिकाम्या हाताने येत नाही. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेल्या या नदीला तुळापूरला इंद्रायणी मिळते. पुढे रांजणगाव सांडसच्या परिसरात मुळा-मुठा मिळते. देहू आणि आळंदीच्या घाटांवरून गेलेले, पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या घराघरांतून बाहेर पडलेले पाणी असे एकत्र होऊन दौंडवरून सिद्धटेककडे येते. येथून ते उजनीच्या जलाशयात शिरते. १९८० मध्ये पूर्ण झालेले हे धरण सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार आहे. त्याखाली पंढरपूर, जेथे भीमेलाच आपण चंद्रभागा म्हणतो. आषाढी वारीला देहू-आळंदीच्या पालख्या रस्त्याने पंढरीला जातात. त्यांच्या गावची इंद्रायणीही नदीच्या वाटेने तेथेच पोहोचते. वारकऱ्याच्या स्नानाला जे पाणी मिळते, त्यात आपल्या सर्वांच्या घरातले पाणी थोडे थोडे असते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या अहवालात देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची नोंद झाली. त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रात होते. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर आला, परंतु महाराष्ट्राचा ५५ झाला. भीमेचे नाव दोन्ही याद्यांत आहे. मोठ्या शहरांतील मैलापाणी शुद्ध करणे हा यावरचा मुख्य उपाय, आणि तो शासनाने व महानगरपालिकांनीच करावयाचा आहे. त्या जबाबदारीतून त्यांना मोकळे करता येणार नाही. मात्र कर्जतसारख्या लहान शहराची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

मोठी नदी बाराही महिने वाहते, तेव्हा तिच्यात पडलेले काही अंशी विरळ होते. कर्जतसारख्या अवर्षणप्रवण भागातले ओढे आठ-नऊ महिने कोरडेच असतात. कोरडा ओढा हा पुष्कळांना मोकळी जागा वाटतो. उकिरडा हळूहळू त्याच्या काठापर्यंत सरकतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या, फाटक्या गाद्या, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या तेथे साचत राहतात. मग एखाद्या दुपारी वळीव येतो, आणि आठ महिन्यांची ती सगळी साठवण दोन तासांत बंधाऱ्यात, तळ्यात, विहिरींच्या झऱ्यांत आणि शेवटी नदीत जाते. म्हणून कमी पावसाच्या गावात पाण्याचे रक्षण कोरड्या ऋतूत करावे लागते, आणि ते मुख्यतः कचऱ्याच्या व्यवस्थेतूनच होते. ओढा वाहू लागल्यावर काही करता येत नाही.

झाडू, फावडे आणि घंटागाडी

राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांवर त्याची आखणी होती : झाडे लावणे, घनकचरा वेगळा करणे, जलस्रोत स्वच्छ करणे, हवा आणि ऊर्जा जपणे, लोकांत जाणीव वाढवणे. कर्जत नगरपंचायत त्यात उतरली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गावातील अनेक सामाजिक संघटनांचे लोक एकत्र आले आणि त्यांनी रोज सकाळी श्रमदान करण्याचा नेम धरला. कोणी झाडू घेतला, कोणी फावडे. एक दिवस रस्त्याची कड, दुसऱ्या दिवशी खड्डे, तिसऱ्या दिवशी रोपांना पाणी. दिवसांचे महिने झाले, तरी हा नेम सुटला नाही. अभियानाच्या पहिल्या वर्षाच्या निकालात राज्यातील गौरवलेल्या नगरपंचायतींमध्ये कर्जतचे नाव आले.

पुरस्काराचा आनंद असतोच, परंतु अशा कामाचा खरा कस पुढच्या वर्षांत लागतो. एकदा साफ केलेली ओढ्याची कड पुन्हा भरणार की नाही, हे श्रमदानाला आलेल्या शंभर हातांपेक्षा न आलेल्या हजारो घरांवर अवलंबून असते. सकाळी घंटागाडी दारात येते तेव्हा आपल्या हातात एक डबा असतो की दोन, एवढ्यावर पुष्कळ काही ठरते. ओला कचरा वेगळा दिला तर त्याचे खत होते. सुका कोरडा राहिला तर कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, बाटल्या विकल्या जातात आणि पुन्हा वापरात येतात. दोन्ही एकत्र कालवले की दोन्ही वाया जातात, आणि त्या कुजट मिश्रणातून पाझरणारे पाणी जमिनीत उतरते.

हे वेगळे करण्याचे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे, त्यांच्याकडे आपण क्वचित आदराने पाहतो. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या स्त्रिया संघटित झाल्या, त्यांना ओळखपत्रे मिळाली, आणि पुढे त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महानगरपालिकेसोबत घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम उभे केले. या स्त्रियांनी पुणेकरांना एक विनंती केली : वापरलेले डायपर आणि सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. ते पुडके उघडून पाहण्याची वेळ कोणाच्या हातांवर येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. लाल ठिपक्याला पैसा लागत नाही आणि यंत्रही लागत नाही. नगरपंचायत असो की ग्रामपंचायत, ही रीत कोठेही पाळता येते.

आजारपणाच्या खोलीतून निघणाऱ्या वस्तू

आता आपण थेट आपल्या घरात येऊ. ज्या घरात वृद्ध किंवा आजारी माणूस आहे, त्या घराचा कचरा इतर घरांसारखा नसतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हे ओळखले होते. मुदत संपलेली औषधे, वापरलेल्या सुया आणि सिरिंज, पाऱ्याचा फुटलेला थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या यांना त्यांनी ‘घरगुती घातक कचरा’ म्हटले. डायपर आणि अंथरुणावर घालण्याच्या शोषक चादरी नीट गुंडाळून द्याव्यात, असेही सांगितले. नियम कागदावर आहेत. ते रोजच्या सेवेत कसे उतरवावेत, हे पाहू.

प्रथम औषधे. आपण गिळलेल्या औषधाचा काही अंश लघवीवाटे बाहेर पडतो आणि सांडपाण्यात जातो. ते टाळता येत नाही, आणि त्यासाठी औषध कमी करण्याचा विचार कोणीही करू नये. टाळता येते ते उरलेले औषध. सांडपाणी शुद्ध करणारी सर्वसाधारण केंद्रे मैला आणि गाळ काढण्यासाठी बांधलेली असतात. पाण्यात विरघळलेली औषधे पूर्णपणे काढण्याची त्यांची रचना नसते. जेथे अशी केंद्रेच नाहीत, तेथे तर बेसिनमध्ये ओतलेले सरबतासारखे औषध थेट ओढ्याच्या वाटेला लागते. प्रतिजैविके अशी पसरली की जंतू त्यांना सरावतात, आणि मग एखाद्या वृद्धाच्या छातीतला किंवा मूत्रमार्गातला साधा संसर्गही औषधाला दाद देईनासा होतो.

औषध आपण ठरवलेल्या जागीच थांबत नाही, याचे एक उदाहरण आपल्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिले आहे. गुडघेदुखीसाठी आपल्यापैकी अनेकांनी घेतलेले डायक्लोफेनॅक पूर्वी गुरांनाही दिले जाई. त्या गुरांची मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. आकाशातून गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली, आणि त्याचे कारण २००४ च्या सुमारास संशोधकांना उमगले. २००६ मध्ये या औषधाच्या जनावरांवरील वापराला भारतात बंदी झाली. तो मार्ग पाण्याचा नव्हता, परंतु धडा तोच आहे.

मग करावे काय? दर दोन-तीन महिन्यांनी औषधांचा डबा उघडा आणि मुदती पाहा. डॉक्टरांनी औषध बदलले तर जुने पट्टीसकट बाजूला काढा. नवे औषध एकदम महिनोन्‌महिन्यांचे न घेता आधी थोडे घ्या. मानवले तर पुढचे आणा. न उघडलेली, मुदतीतली पट्टी परत घेता का, असे दुकानदाराला विचारा. मुदत संपलेली औषधे एका पाकिटात घालून वर ‘घातक’ असे मोठ्या अक्षरांत लिहा आणि घंटागाडीवर वेगळी द्या. तशी सोय नसेल तर गोळ्या पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवा आणि बंद पाकिटात भरून सुक्या कचऱ्यात द्या. रिकाम्या पट्ट्या कापून टाका, म्हणजे त्यांचा गैरवापर होणार नाही. औषधे जाळू नयेत आणि शौचालयात टाकू नयेत. याला एक अपवाद आहे. कर्करोगासारख्या आजारात दिली जाणारी अफूजन्य तीव्र वेदनाशामके घरात राहिली तर मुलांच्या जिवाला धोका होऊ शकतो. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मधील मार्गदर्शिकेत अशा १७ औषधांची यादी देऊन ती न साठवता पाण्यात सोडून द्यावीत असे सांगितले आहे. आपल्या घरी अशी औषधे असतील तर डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्या.

दुसरी वस्तू म्हणजे सुई. इन्सुलिन घेणाऱ्या घरात वर्षाला शेकड्यांनी सुया निघतात. त्या पिशवीत टाकल्या की कचरा वेगळा करणाऱ्या स्त्रीच्या तळहातात रुततात, आणि कावीळ ब किंवा क यांसारखे आजार तिच्या घरी पोहोचू शकतात. जाड प्लॅस्टिकची, पेचाच्या झाकणाची बाटली घ्या. सुई वापरली की थेट त्यात टाका. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी लावा आणि ‘सुया’ असे लिहा. ज्या दवाखान्यात आपण नेहमी जाता, तेथे ती घेतात का ते विचारा, कारण दवाखान्यांचा जैववैद्यकीय कचरा वेगळा नेण्याची व्यवस्था असते.

तिसरी वस्तू डायपर. याविषयी बोलायला घरात संकोच वाटतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या सुनेला, लेकीला, नवऱ्याला डायपर हा मोठाच आधार आहे. तो वापरल्याबद्दल कोणाच्या मनात अपराधाची भावना नसावी. मात्र त्यात प्लॅस्टिक आणि पाणी शोषणारे रसायन असते. ते कुजत नाही. शौचालयात टाकला तर नळ आणि शौचखड्डा तुंबतो. ओढ्यात टाकला तर फुगून पडून राहतो. परसात जाळला तर त्याचा धूर सगळ्यांत आधी घरातल्याच दमेकऱ्याच्या छातीत जातो. त्यातला मळ शौचालयात झटकून, डायपर घट्ट गुंडाळून, वर्तमानपत्रात बांधून, लाल ठिपका काढून द्या. दिवसा जेव्हा कोणी जवळ असते, तेव्हा जुन्या मऊ धोतराची किंवा लुगड्याची धुऊन वाळवलेली फडकी वापरता आली तर कातडीलाही वारा लागतो आणि खर्चही वाचतो. पण सेवा करणाऱ्याच्या अंगात धुण्याचे बळ असेल तरच. सेवेकऱ्याची पाठ मोडून पर्यावरण जपायचे नसते.

उरलेल्या लहानसहान वस्तूंतही लक्ष घाला. कपाटाच्या तळाशी पाऱ्याचे रक्तदाबयंत्र असेल तर ते भंगारात देऊ नका. नगरपंचायतीत विचारून वेगळे द्या. थर्मामीटर फुटला तर पाऱ्याला उघड्या हाताने स्पर्श करू नका आणि झाडूने तो पसरवू नका. जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करा. कर्णयंत्राच्या आणि साखर मोजण्याच्या यंत्राच्या गोल बॅटऱ्या नातवंडांच्या हाती लागणार नाहीत अशा डबीत साठवा. गिळल्यास त्या प्राणघातक ठरू शकतात.

माणूस गेल्यानंतर

एक प्रसंग असा आहे की ज्याविषयी लिहिताना लेखणी थोडी थांबते. घरातले वडीलधारे माणूस जाते. दहाव्याला, तेराव्याला नदीकाठी क्रिया होते. रक्षेसोबत पुष्कळदा त्या माणसाचे कपडे, अंथरूण, उशी, कधी कधी औषधांचा डबाही पाण्यात सोडला जातो किंवा काठावर ठेवून दिला जातो. त्यामागची भावना खरी असते. त्या वस्तूंकडे पाहवत नाही. पण कापसाची गादी पाण्यात कुजते, नायलॉनचे कापड वर्षानुवर्षे झुडपांना लटकते, आणि औषधांचे काय होते ते आपण वर पाहिले.

याचा निर्णय माणूस असतानाच, शांतपणे घेता येतो. वाचकहो, आपण स्वतः वयस्कर असाल तर हे आपणच मुलांना सांगून ठेवावे. धडके कपडे कोणाला तरी द्यावेत. चालण्याची काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, पाण्याची गादी या वस्तू पुसून-धुऊन गरजू घरी पोहोचवाव्यात. अनेक गावांत अशा वस्तू वापरायला देणारी मंडळे असतात. नसतील तर ज्येष्ठ नागरिक संघाने असे एक कपाट सुरू करायला मोठे भांडवल लागत नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणे ही तर आपलीच रीत आहे. आजीच्या लुगड्यांची गोधडी नातवाच्या अंगावर असणे, यात स्मरणही आहे आणि पुनर्वापरही. रक्षेपैकी चिमूटभर पाण्यात सोडून बाकीची शेतात किंवा झाडाच्या मुळाशी घालण्याची पद्धत अनेक कुटुंबांनी स्वीकारली आहे. आपल्या घराला ती रुचते का, याचा विचार सर्वांनी मिळून करावा.

सिद्धटेकला जाल तेव्हा

आता पुन्हा भीमेच्या काठाकडे वळू. हिवाळ्यात येथील हवा वृद्धांना सोसवते. उन्हाळ्यात दुपारचा माळ मात्र तापतो, म्हणून सकाळी लवकर पोहोचावे. देवळाची टेकडी लहान असली तरी गुडघे दुखत असतील तर घाई नको. पिण्याचे पाणी घरून, शक्यतो स्टीलच्या बाटलीत, उकळून गार केलेले न्यावे. नदीचे पाणी तीर्थ म्हणून डोळ्यांना लावण्याचा मोह झाला तरी ते पोटात घेऊ नये. वृद्धांना जुलाब लागले की शरीरातले पाणी फार झपाट्याने कमी होते, आणि तहान मात्र तेवढ्या तीव्रतेने जाणवत नाही. पिशवीत जलसंजीवनीची पुडी असू द्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ती किती घ्यावी, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

दूर्वा आणि फुले पिशवीसकट नदीत टाकू नका. ठेवलेल्या निर्माल्याच्या जागीच ठेवा. परतीच्या वाटेवर वापरलेला डायपर, औषधाची पट्टी किंवा सुई बाहेर फेकू नका. गाडीत एक झाकणाचा डबा ठेवा आणि तो घरी आणा. येथून खाली उजनीचे पाणी पिणारे सोलापूर आहे, चंद्रभागेत उतरणारा वारकरी आहे, आणि दोन नद्यांच्या संगमावर हजार वर्षांपूर्वीची अक्षरे जपणारे हत्तरसंग कुडल आहे.

आपल्या नगरपंचायतीकडे, ग्रामपंचायतीकडे किंवा महानगरपालिकेकडे एक मागणी आपण सर्वांनी करावी : घंटागाडीवर घरगुती घातक कचऱ्यासाठी एक वेगळी, कुलूपबंद पेटी असावी, आणि महिन्यातून एखादा दिवस जुन्या औषधांसाठी ठरवलेला असावा. केरळमध्ये अशी औषधे गोळा करण्याचा उपक्रम शासनाने सुरू केला आहे. आपल्याकडे तो अशक्य नाही. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सह्यांचे एक निवेदन पुष्कळदा तरुणांच्या घोषणांपेक्षा लवकर वाचले जाते.

तोपर्यंत, उद्या सकाळची घंटागाडी येण्याआधी औषधांचा डबा एकदा उघडा. त्यातल्या कोणत्या पट्ट्यांची मुदत संपली आहे, ते चष्मा लावून नीट पाहा. एका पाकिटावर ‘घातक’ लिहा, आणि दुसऱ्या पुडक्यावर लाल ठिपका काढा.